वाचकांचे प्रश्न: शाळेच्या प्रकल्पाची पानमांडणी, पैसे न मोजता

हस्तलिखित, वार्तापत्र, घडीपत्रक, भित्तिपत्रक असं काही ना काही शाळेतून सांगितलं जातं, घरच्या संगणकावर ते नीट मांडायचं असतं, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर विकत घ्यायची कुणाची तयारी नसते. या वेळचे बहुतेक प्रश्न याच अडचणीतून आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमच्या घरी मुलं पानमांडणीसाठी मायक्रोसॉफ्टचं पब्लिशर वापरत आली आहेत. ते बंद होणार असं ऐकलं. जुन्या फायलींचं काय करायचं आणि त्याऐवजी काय घ्यायचं? (दोन मुलांचे वडील)

ऐकलं ते खरं आहे. मायक्रोसॉफ्टने पब्लिशरसाठी ऑक्टोबर २०२६ ही अखेरची मुदत जाहीर केली आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या वर्गणीत मिळणारं पब्लिशर त्यानंतर काढलं जाणार आहे, म्हणजे वर्गणीदारांना त्यातून 'पब' (पब्लिशरच्या) फायली उघडताच येणार नाहीत. तेव्हा पब्लिशर चालतंय तोवर ठेवणीतली प्रत्येक फाइल उघडून तिची पीडीएफ काढून ठेवा. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो वर्डच्या फायलीत चिकटवून वेगळा जपा.

हे राहून गेलं तरी सगळं हातचं जात नाही. लिब्रेऑफिस हा मोफत संच 'पब' फाइल त्याच्या ड्रॉ या चित्र-मांडणीच्या प्रोग्राममध्ये उघडतो. मात्र एका चौकटीतून दुसरीत वाहणारा मजकूर तिथे सुट्या तुकड्यांत येतो, संगणकावर नसलेल्या फॉन्टच्या जागी दुसरा बसतो आणि नक्षीदार मथळे हमखास बिघडतात. फाइल वाचायला आणि चित्रं सोडवून घ्यायला एवढं पुरतं. तीच फाइल पुढे वाढवत नेण्यापेक्षा नवी मांडलेली बरी.

त्याऐवजी काय, हे कामावर ठरतं. एका पानाचं काम असेल (भित्तिपत्रक, प्रमाणपत्र, आमंत्रण, मुखपृष्ठ) तर लिब्रेऑफिस ड्रॉ घ्या. पानोपानी सलग मजकूर आणि अधूनमधून चित्रं असतील, म्हणजे नेहमीचा प्रकल्प अहवाल, तर त्याच संचातला, वर्डसारखा रायटर. वार्तापत्र किंवा मासिकासारखं रकाने पाडलेलं, लेख एका पानावरून दुसऱ्यावर जाणारं काम असेल तरच स्क्रायबस या पानमांडणीच्या मोफत प्रोग्रामकडे वळा. घरोघरी उलटं होताना दिसतं: मोफत पर्याय शोधला की पहिलं नाव स्क्रायबसचं येतं, ते उतरवून घेतलं जातं, आणि एका पानाच्या भित्तिपत्रकासाठी मूल तासभर झगडतं. शाळेच्या दहापैकी आठ कामांना लिब्रेऑफिस पुरतं, असं आमचं मत आहे.

मॅक किंवा आयपॅड असेल तर त्यावर मोफत मिळणारं पेजेस आधी पाहा. त्यात कागदपत्राचं रूपांतर 'पेज लेआउट'मध्ये केलं की चौकटी हव्या तिथे ठेवता येतात.

वर्गाचं चार पानी वार्तापत्र स्क्रायबसमध्ये करायचं ठरलंय. मुलगी आठवीत आहे. सुरुवात कशी करायची? आम्ही उघडलं, पण टाइप करायला जागाच सापडेना. (एक आई)

जागा सापडत नाही, कारण स्क्रायबसमध्ये पानावर थेट टाइप करता येत नाही. आधी चौकट काढायची, मग तिच्यात मजकूर किंवा चित्र भरायचं. एवढी गोष्ट मुलीला समजली की निम्मी वाट सरली.

स्क्रायबस उघडण्याआधी सगळे लेख रायटरमध्ये टाइप करून, तपासून, अंतिम करून घ्या. शुद्धलेखन स्क्रायबसमध्ये सुधारत बसणं फार कंटाळवाणं होतं. मग एक फोल्डर करा आणि लेख, चित्रं, फॉन्ट सगळं त्यातच ठेवा. स्क्रायबस चित्र फाइलीत साठवत नाही. ते चित्र कुठे आहे, तेवढा पत्ता लक्षात ठेवतं. म्हणून नुसती स्क्रायबसची 'एसएलए' फाइल पेनड्राइव्हवर घालून मैत्रिणीकडे नेली की तिथे चित्रांच्या चौकटी रिकाम्या दिसतात. काम दुसरीकडे न्यायचं असेल तर फाइल मेन्यूतलं 'कलेक्ट फॉर आउटपुट' वापरा. त्यात फॉन्ट सोबत घेण्याची खूणही करा.

नवी फाइल काढताना आकार ए४, एकक मिलिमीटर (मुळात पॉइंट असतं, ते बदला), चारही बाजूंना समास १५ मिमी, पानं ४. 'ऑटोमॅटिक टेक्स्ट फ्रेम्स'ची खूण करू नका. ती एकाच लांब लेखासाठी सोयीची आहे, वार्तापत्रात आडवी येते. मग 'पेज' मेन्यूत 'मॅनेज गाइड्स'मध्ये जाऊन दोन रकाने आणि त्यांच्यामध्ये ६ मिमी जागा ठरवा. समास वजा जाता प्रत्येक रकाना ८७ मिमी रुंद होतो. मुलांना वर्तमानपत्रासारखे तीन रकाने हवे असतात. पण मग रकाना जेमतेम ५६ मिमीचा राहतो आणि १२ पॉइंटच्या अक्षरात मराठीतले लांब शब्द त्यात मावेनासे होतात. त्यात मजकूर दोन्ही कडांना जुळवला की शब्दांमध्ये भगदाडं पडतात. दोन रकाने आणि मजकूर डावीकडून जुळवलेला, हेच बरं दिसतं.

आता चौकटी. कीबोर्डवर टी दाबून ओढलं की मजकुराची चौकट, आय दाबून ओढलं की चित्राची. फॉन्ट आणि आकार बदलायची खिडकी एफ३ ने उघडते, चौकटीची जागा आणि मापं एफ२ ने. जुन्या १.४ आवृत्तीवरच्या धड्यांत सगळं एकाच खिडकीत दाखवलेलं असतं, म्हणून ते पाहून शिकणाऱ्यांचा गोंधळ उडतो. १.६ मालिकेतली आवृत्ती घ्या आणि धडेही तिचेच पाहा. जुन्या १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतच नव्हती, हे आणखी एक मोठं कारण.

मजकूर मावला नाही की चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लाल खूण दिसते. पुढच्या पानावर दुसरी चौकट काढा, पहिली निवडा, एन दाबा आणि दुसरीवर क्लिक करा. उरलेला मजकूर आपोआप तिकडे वाहतो. चित्राभोवती मजकूर वळवायचा असेल तर चित्राच्या चौकटीला एफ२ च्या खिडकीत 'टेक्स्ट फ्लो अराउंड फ्रेम' लावा. तरी वळत नसेल तर चित्र मजकुराच्या थराखाली आहे. ते वर आणलं की काम होतं.

ओळींतलं अंतर ही नवशिक्यांची हमखास ठेच. स्क्रायबसमध्ये ते मुळात ठरावीक पॉइंटांचं असतं. मथळा २८ पॉइंटांचा केला तरी अंतर तेवढंच राहतं आणि दोन ओळी एकमेकींवर चढतात. मथळ्यांना 'ऑटोमॅटिक' अंतर द्या. मजकूर १२ पॉइंट ठेवलात तर अंतर १७ पॉइंट ठेवा. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, त्यांना इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. हे प्रत्येक चौकटीत पुन्हा पुन्हा करू नका. 'एडिट' मेन्यूतल्या 'स्टाइल्स'मध्ये मथळा, उपमथळा आणि मजकूर अशा तीन शैली एकदाच बनवा आणि लावत जा. शेवटच्या दिवशी बाई म्हणाल्या, अक्षर जरा मोठं करा, तर एका ठिकाणी आकडा बदलला की चारही पानं बदलतात.

शेवटी 'फाइल' मेन्यूतून पीडीएफ काढा. त्याआधी तपासणीची खिडकी उघडते आणि न मावलेला मजकूर, हरवलेलं चित्र, कमी दर्जाचं चित्र दाखवते. घाईत 'इग्नोर एरर्स' दाबायचा मोह होतो. निदान 'मजकूर मावत नाही' ही सूचना तरी ओलांडू नका, नाहीतर लेखाची शेवटची ओळ छापलीच जात नाही. विंडोजवर सुरुवातीला घोस्टस्क्रिप्ट हा जोडप्रोग्राम नसल्याची सूचना आली तर घाबरू नका. पीडीएफ काढायला त्याची गरज नसते.

मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात, कुठे चौकोन येतात, कुठे भलतीच इंग्रजी अक्षरं. दर वेळी वेगळीच तऱ्हा. (एक शिक्षिका)

ही तीन वेगळी दुखणी आहेत.

भलतीच इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. ओळखायची खूण अशी: मजकूर निवडून त्याला 'मुक्ता' किंवा 'नोटो सान्स देवनागरी' लावा. मराठी नाहीसं होऊन चिन्हांची खिचडी झाली तर तो जुना मजकूर. तो त्या फॉन्टच्या परिवर्तकातून (कन्व्हर्टर) युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि नंतर एकदा वाचावाच लागतो, कारण अशा बदलात रफार आणि ऱ्हस्व वेलांटी सरकतात. पुढचं सगळं टायपिंग युनिकोडमध्येच करा. विंडोज १० आणि ११ मध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट (देवनागरीची ठरलेली मांडणी) आणि फोनेटिक (इंग्रजी उच्चारावरून टाइप करायचा) असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते.

चौकोन येत असतील तर त्या फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. जुन्या फॉन्टांत 'ॲ' नसतो. फॉन्ट बदलणं हाच उपाय.

जोडाक्षरं तुटत असतील तर दोष सॉफ्टवेअरचा असतो. त्या प्रोग्रामला देवनागरी जुळवता येत नाही. म्हणून कोणतंही नवं मांडणीचं साधन घेतलं की आधी एक ओळ टाइप करून पाहा: 'लक्ष्मी, उत्क्रांती, वाऱ्यावर, ट्रॅक्टर, कर्तृत्व, ॲटलस'. ती पडद्यावर नीट दिसली की पीडीएफ काढून तिथेही पाहा. पुढे जायचं की नाही, हे यावरूनच ठरवा. ॲफिनिटी हे मांडणीचं सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ पासून मोफत झालं आहे (कॅनव्हा या ऑनलाइन साधनाचं खातं लागतं). इंग्रजी कामासाठी ते दमदार आहे, पण मराठीसाठी आधी ही ओळ, मग बाकीचं.

'वाऱ्यावर' हा शब्द मुद्दाम घातला आहे. त्यातला ऱ्य हा ऱ, हलंत आणि य असा टाइप करावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून ऱ मिळतो. साधा र वापरला की 'वार्यावर' उमटतं, आणि मुलांच्या प्रकल्पांत ही चूक पानोपानी सापडते.

लिब्रेऑफिसची एक खोच सांगायला हवी. तिथे देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीच्या फॉन्टपासून वेगळा साठवला जातो. शैली बदलताना फक्त वरच्या, पाश्चात्त्य लिपीच्या भागात फॉन्ट निवडला तर मराठी मजकूर ढिम्म हलत नाही. खालचा 'सीटीएल फॉन्ट' हा भाग बदलायचा. तो दिसत नसेल तर 'टूल्स > ऑप्शन्स'मध्ये भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. दुसरी खोच अशी, की ओळींचं अंतर 'फिक्स्ड' ठेवलं तर मात्रा आणि वेलांट्यांचे माथे छाटले जातात. 'प्रपोर्शनल' निवडून १२० ते १३० टक्के ठेवा.

फॉन्टसाठी पैसे मोजायची गरज नाही. मजकुरासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, पुस्तकी वळणासाठी टिरो देवनागरी मराठी, मथळ्यासाठी बालू २ किंवा यात्रा वन. सगळे खुल्या परवान्याचे आहेत. एका कामात दोनच फॉन्ट वापरू द्या. मुलं सात वापरतात.

ए४ कागद मधोमध दुमडून पुस्तिका करायची आहे. पानांचा क्रम दर वेळी चुकतो. (सातवीतल्या मुलाचे बाबा)

क्रम हाताने लावूच नका. फाइलमध्ये पानं १, २, ३ अशी सरळ ठेवा. आकार मात्र ए५ म्हणजे १४८ x २१० मिमी घ्या. ए४ आकारात मांडून पुस्तिका छापली तर सगळं ७१ टक्क्यांवर येतं, आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेआठचं होऊन बसतं. पानांची संख्या ४ च्या पटीत हवी. १० पानं झाली असतील तर दोन वाढवा (कोऱ्या पानावर मुलांकडून चित्र काढून घ्या) नाहीतर दोन कमी करा.

मग पीडीएफ काढून अॅक्रोबॅट रीडरच्या छपाईच्या खिडकीत 'बुकलेट' निवडा. स्क्रायबसमध्ये ही सोय आतच नाही, त्यामुळे हाच मार्ग. लिब्रेऑफिस रायटरच्या छपाईच्या खिडकीत 'ब्रोशर' हा पर्याय आहे. आठ पानांच्या पुस्तिकेत पहिल्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि १, मागे २ आणि ७ येतात. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. छापून आलेलं याच्याशी ताडून पाहा.

प्रिंटर आपोआप दोन्ही बाजू छापत असेल तर 'फ्लिप ऑन शॉर्ट एज' निवडा. लाँग एज राहिलं की मागची पानं उलटी येतात. तुमचा क्रम नव्हे, बहुधा हेच चुकत असणार. प्रिंटर एकच बाजू छापत असेल तर 'फ्रंट साइड ओन्ली' छापून, कागद पुन्हा घालून 'बॅक साइड ओन्ली' छापा. कागद कसा घालायचा हे प्रत्येक प्रिंटरचं निराळं. एका कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून तो आधी छापून पाहा, सगळी थप्पी वाया जायची नाही.

तीन घड्यांचं माहितीपत्रक नेहमी वाकडं दुमडलं जातं.

कारण तिन्ही भाग सारखे धरलेले असतात. आडव्या ए४ ची रुंदी २९७ मिमी, ती ९९ च्या तीन भागांत वाटली की आत दुमडला जाणारा भाग अडकून फुगतो. तो ९७ मिमी ठेवा, बाकीचे दोन १०० मिमीचे. बाहेरच्या बाजूवर डावीकडून ९७, १००, १०० (यात सगळ्यात उजवीकडचं मुखपृष्ठ) आणि आतल्या बाजूवर १००, १००, ९७. ड्रॉमध्ये या मापांवर मार्गरेषा ओढून घ्या.

पडद्यावर छान दिसणारं चित्र छापल्यावर धूसर येतं. आणि चित्रं चांगली घेतली तर पीडीएफ इतकी जड होते की शाळेच्या संकेतस्थळावर चढत नाही.

छापायला एका इंचात ३०० बिंदू असले तर उत्तम, घरच्या प्रिंटरला १५० सुद्धा चालतात. हिशोब सोपा आहे: १० सेंटिमीटर रुंद चित्राला ३०० च्या दर्जासाठी साधारण १,१८० पिक्सेल रुंदी लागते, १५० साठी ५९०. शोधयंत्राच्या निकालात दिसणारं छोटं चित्र उचललं की ते दोनतीनशे पिक्सेलांचंच असतं. त्यावर क्लिक करून मूळ पानावरचं मोठं चित्र घ्यायचं. विकिमीडिया कॉमन्सवर मोठ्या आकारातली चित्रं मिळतात आणि परवानाही तिथेच लिहिलेला असतो. बहुतेक परवान्यांत चित्रकाराचं नाव देणं आवश्यक असतं. चित्राखाली नाव आणि परवाना लिहायची सवय मुलांना आतापासूनच लावा.

जड पीडीएफसाठी लिब्रेऑफिसमध्ये पीडीएफ काढताना 'रिड्यूस इमेज रिझोल्यूशन'ची खूण करा आणि १५० निवडा, जेपीईजीचा दर्जा ८० च्या आसपास ठेवा. फोनने काढलेले फोटो असतील तर फाइल पुष्कळ लहान होते. मूळ फाइल आणि छापायची पीडीएफ वेगळी ठेवा, नाहीतर धूसर प्रत छापली जाईल.

भित्तिपत्रक मोठं करायचं असेल तर ए४ पीडीएफ अॅक्रोबॅट रीडरच्या 'पोस्टर' पर्यायातून चार कागदांवर पसरवा. २०० टक्के केलं की गणिताने ते चार कागदांत बसायला हवं, पण प्रिंटर कडेचे काही मिलिमीटर छापत नाही आणि चिकटवायला थोडी जागा एकावर एक यावी लागते. म्हणून कागद वाढतात. प्रमाण १८५ टक्क्यांच्या आसपास आणा.

एवढा खटाटोप कशाला, कॅनव्हा आहे की! मुलांच्या वर्गात सगळे तेच वापरतात.

आहे, आणि उद्या सकाळी द्यायचं भित्तिपत्रक आज रात्री करायचं असेल तर वापराही. मोफत खात्यात सशुल्क चित्र निवडलं की त्यावर पाणखूण (वॉटरमार्क) येते, म्हणून मोफत घटकांवरच थांबा. इंटरनेट गेलं की काम थांबतं. मूल १३ वर्षांच्या आतलं असेल तर त्याच्या नावाने खातं न काढता तुमच्या खात्यावर, तुमच्या समोर काम होऊ द्या. आमची तक्रार वेगळी आहे. तयार साचा भरला की मांडणीचे सगळे निर्णय दुसऱ्याने आधीच घेतलेले असतात. शिक्षकांना मांडणी तपासायची असेल तर ते चटकन ओळखू येतं.

मुलगा दुसरीत आहे. त्याच्यासाठी काय?

टक्स पेंट. ३ ते १२ वयाच्या मुलांसाठीच बनवलेलं आहे, मोफत आहे, शिक्के आणि आवाज असल्याने मुलं रमतात. चित्र छापायचं असेल तर त्याच्या 'कॉन्फिग' प्रोग्राममध्ये जाऊन खिडकीचा आकार वाढवा. लहान खिडकीतलं चित्र कागदावर मोठं केलं की फुटतं. मग ते चित्र ड्रॉमध्ये ठेवून खाली १८ पॉइंटात नाव टाइप करायला द्या. त्याच्या वयाला एवढं पुरे.

ही सगळी सॉफ्टवेअर नेमकी उतरवायची कुठून? मागे एकदा भलतंच काहीतरी संगणकात घुसलं होतं.

लिब्रेऑफिस, स्क्रायबस, टक्स पेंट, प्रत्येकाचं स्वतःचं अधिकृत संकेतस्थळ आहे. तिथूनच घ्या. शोधयंत्रात नाव टाकल्यावर सगळ्यात वर येणारा निकाल अनेकदा जाहिरात असतो, आणि 'डाउनलोड' लिहिलेलं हिरवं बटण भलत्याच प्रोग्रामचं. पैसे, कार्डाचा क्रमांक किंवा 'परवाना कळ' मागितली की तिथून निघा. या तिन्हींना त्यातलं काहीही लागत नाही. संगणकावर नवे प्रोग्राम बसवायची परवानगी मुलांच्या खात्याला नसेल तर ती तशीच राहू द्या आणि एकदा तुमच्या खात्यातून बसवून द्या. सगळ्या खात्यांत ते दिसतात.